आधी शेतात, मग कायद्यात: व्हिएतनामच्या आर्थिक सुधारणांचा प्रकरण अभ्यास

१९८८ साली सुगीच्या आधीच्या महिन्यांत उत्तर व्हिएतनामच्या अनेक प्रांतांत लोकांच्या घरी धान्य उरले नव्हते. सरकारला परदेशांकडे मदत मागावी लागली आणि साडेचार लाख टनांच्या आसपास धान्य बाहेरून आणावे लागले. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, त्याच देशाने सुमारे १४ लाख टन तांदूळ निर्यात केला. जगातल्या पहिल्या तीन तांदूळ निर्यातदारांत त्याची गणना होऊ लागली. मधल्या काळात कुठले मोठे धरण पुरे झाले नव्हते आणि कुठले जादूचे बियाणेही हाती आले नव्हते. पावसापाण्याने साथ दिली, हे खरे. पण मुख्य बदल दोनच होते: पिकलेले भात कोणाचे, याचे उत्तर बदलले आणि ते कोणत्या भावाने विकायचे, याचेही.

व्हिएतनामच्या या सुधारणांना ‘दोई मोई’ (म्हणजे नवीकरण) म्हणतात आणि डिसेंबर १९८६ मधल्या कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या अधिवेशनापासून त्यांची सुरुवात मानतात. ही तारीख पाठ्यपुस्तकाला सोयीची आहे. प्रत्यक्षात १९८६ साली जे ठराव झाले, त्यांतले बरेचसे त्याआधी वीस वर्षे कुठे ना कुठे, लपूनछपून, नियम मोडून चाललेले होते. माझ्या मते या प्रकरणातली अभ्यासण्यासारखी गोष्ट हीच आहे. व्हिएतनामच्या ज्या सुधारणा टिकल्या, त्या कायदा होण्याआधी कुणीतरी करून पाहिल्या होत्या, त्यांचा फायदा झालेले लोक आधीच गावात नांदत होते. जिथे असे आधी घडले नव्हते, तिथे गाडी अडली आणि अजूनही अडते आहे.

घंटेवर चालणारी शेती

उत्तर व्हिएतनाममध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून शेती सामुदायिक झाली. जमीन, म्हशी, अवजारे सगळे गावाच्या संस्थेचे. सकाळी टोल पडला की लोक शेतावर जायचे, दिवसभराच्या कामाचे गुण वहीत लिहिले जायचे आणि हंगामाच्या शेवटी त्या गुणांप्रमाणे भात वाटून मिळायचे. नांगरट खोल केली की वरवर, रोपे सरळ लावली की कशीही, गुण तेवढेच. राज्याची सक्तीची खरेदी, संस्थेचा खर्च, पदाधिकाऱ्यांचा वाटा हे सगळे वजा होऊन जे उरेल ते गुणांत विभागायचे, म्हणजे आपण जास्त राबलो तर आपल्या ताटात किती पडेल, हे कुणालाच सांगता येत नसे.

त्याच गावात एक दुसरे चित्रही होते. सुमारे ५ टक्के जमीन कुटुंबांना परसबागेसाठी सोडलेली असे. त्या तुकड्यावर लोक पहाटे आणि अंधार पडल्यावर राबायचे. भाजी, डुकरे, कोंबड्या, तळ्यातले मासे. घरच्या मिळकतीचा मोठा हिस्सा या चिमूटभर जमिनीतून येत असे. तीच माणसे, तीच माती, तेच पाणी, आणि बांधाच्या दोन बाजूंना दोन तऱ्हेची शेती. पुरावा रोज डोळ्यांसमोर होता.

तो पुरावा गांभीर्याने घेणारा एक माणूस होता किम न्गॉक, व्हिन्ह फुक प्रांताचा पक्षसचिव. सप्टेंबर १९६६ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, त्याच्या प्रांतिक समितीने ६८ क्रमांकाचा ठराव केला. त्यात शेतीची कामे गटांना आणि कुटुंबांना मक्त्याने देण्याची वाट मोकळी झाली: ठरलेला वाटा संस्थेला द्या, वरचे तुमचे. उत्पादन वाढले. पण वरून डोळे वटारले गेले. १९६८ मध्ये पक्षाचे ज्येष्ठ सिद्धान्तकार त्रुओंग चिन्ह यांनी या प्रयोगावर जाहीर टीका केली, मक्ता बंद झाला आणि किम न्गॉकला आत्मपरीक्षण लिहून द्यावे लागले. १९७९ मध्ये तो वारला. त्याचा प्रयोग देशाचे धोरण झालेला त्याने पाहिला नाही. मरणोत्तर सन्मान पुढे मिळाले.

जिंकल्यानंतरची टंचाई

१९७५ साली युद्ध संपले आणि देश एक झाला. १९७६ ते १९८० च्या पंचवार्षिक योजनेत वर्षाला १३ ते १४ टक्के वाढीचे लक्ष्य होते. प्रत्यक्षात वाढ अर्ध्या टक्क्यापर्यंतही पोचली नाही. लोकसंख्या मात्र वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढत होती, म्हणजे दरडोई देश मागे चालला होता. १९८० पर्यंत २ कोटी १० लाख टन धान्य पिकवायचे ठरले होते. पिकले दीड कोटी टनांहूनही कमी.

कारणे बरीच होती. अमेरिकेची व्यापारबंदी होती. १९७८ मध्ये चीनने मदत तोडली, त्याच वर्षाअखेरीस व्हिएतनामचे सैन्य कंबोडियात उतरले आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये चीनशी सीमेवर युद्ध झाले. पण घरचे धोरणही तितकेच जबाबदार होते. मार्च १९७८ मध्ये दक्षिणेतल्या हो ची मिन्ह सिटीतला खासगी व्यापार एका फटक्यात बंद केला गेला आणि तिथल्याच मेकाँग नदीच्या खोऱ्यात सामुदायिक शेती लादायला सुरुवात झाली. दक्षिणेतल्या शेतकऱ्याला बाजार माहीत होता. त्याने सरळ कमी पेरले, किंवा पिकवलेले भात सरकारला न देता घरच्या डुकरांना घातले.

शहरांत रेशन होते. सरकारी नोकराला महिन्याला १३ किलोच्या आसपास तांदूळ, तोही अनेकदा निम्मा ज्वारी, गहू किंवा कसावा मिसळून. हनोईत रेशन दुकानासमोर पहाटेपासून रांग लागे आणि लोक आपला नंबर धरायला विटेवर नाव लिहून ती रांगेत ठेवून जात. धान्याची वही हरवणे म्हणजे घरावर आभाळ कोसळणे. तोंड पाडून बसलेल्या माणसाला ‘धान्याची वही हरवल्यासारखा बसलाय’ असे व्हिएतनामी लोक अजूनही म्हणतात.

कुंपणाबाहेर

देशातला सर्वांत सुपीक तांदळाचा पट्टा दाराशी असताना हो ची मिन्ह सिटीत तांदूळ नव्हता. १९८० च्या आसपासची ही गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे, कारण चुकीचा भाव काय करतो हे तिच्यात उघड दिसते. सरकारी खरेदीचा भाव किलोला अर्ध्या डोंगच्या (डोंग हे तिथले चलन) आसपास होता. बाजारात त्याच भाताला त्याच्या पाचपट मिळत होते. मेकाँगचा शेतकरी सरकारला भात का देईल? दुसऱ्या प्रांताचे धान्य आणायला परवाने लागत, रस्त्यावर तपासणी नाकी होती.

शहराचा पक्षसचिव होता वो व्हान किएत. त्याने अन्न विभागातल्या न्गुयेन थि राओ या बाईंवर काम सोपवले. त्यांना सगळे बा थि म्हणत. त्यांनी खोऱ्यात जाऊन बाजारभावाने, रोख आणि मालाच्या बदल्यात भात घ्यायचे आणि शहरात आणायचे. हे उघड उघड नियमभंग होते. मला तुरुंगात टाकले तर, असे बाईंनी विचारले, तेव्हा मी तिथे तुम्हाला जेवणाचा डबा आणून देईन, असे किएतने सांगितल्याची गोष्ट व्हिएतनाममध्ये पुष्कळ सांगतात. तांदूळ आला. शहर जेवले. बाजारभाव दिला की महागाईने सगळे कोसळेल, ही भीती निदान तांदळापुरती खोटी ठरली. उलट धान्य उपलब्ध झाल्यावर काळ्या बाजाराचा जोर ओसरला.

अशा प्रयोगांना व्हिएतनामी लोकांनी ‘कुंपण तोडणे’ असे नाव दिले होते. दक्षिणेतल्या लाँग आन प्रांताने १९८० मध्ये रेशनच्या कुपनांऐवजी त्यांची किंमत पगारात मिळवून द्यायला आणि माल बाजारभावाने विकायला सुरुवात केली. उत्तरेतल्या हायफाँग शहराजवळच्या गावांत किम न्गॉकचा मक्ता पुन्हा गुपचूप उगवला होता. शहरातले कारखाने योजनेबाहेरचा कच्चा माल स्वतः मिळवून जास्तीचे उत्पादन बाजारात विकत होते.

केंद्राने यातले थोडे थोडे मान्य केले. जानेवारी १९८१ मध्ये पक्षाचा १०० क्रमांकाचा निर्देश आला आणि शेतीतला कुटुंबमक्ता देशभर कायदेशीर झाला. त्याच महिन्यात सरकारी कारखान्यांनाही योजनेबाहेर थोडी मोकळीक मिळाली. भाताचे उत्पादन लगेच वाढले. पण संस्थेने मक्त्याचा वाटा दरवर्षी वाढवत नेला. जो चांगला पिकवी, त्याचाच वाटा पुढच्या वर्षी वाढे. १९८५ नंतर वाढ थंडावली आणि हताश शेतकरी मक्त्याच्या जमिनी परत करू लागले. अर्धवट सुधारणेत सर्वांत जास्त भरडला जातो तो तिच्यावर विश्वास टाकणारा माणूस. हे मला या सगळ्या काळातले सर्वांत दुःखद पान वाटते.

१९८५ चा फटका

सप्टेंबर १९८५ मध्ये सरकारने भाव, पगार आणि चलन तिन्ही एकदम बदलले. जुन्या १० डोंगला नवा १ डोंग. कुटुंबाला किती रोख बदलून मिळेल यावर मर्यादा होती. भाव बाजाराच्या जवळ नेले, पगार वाढवले. विचार कागदावर चुकीचा नव्हता. लाँग आनमध्ये हेच चालले होते. पण लाँग आनने आपल्या प्रांतापुरता माल आणि पैसा जुळवून घेतला होता. देशपातळीवर वाढलेल्या पगारांसाठी आणि तोट्यातल्या कारखान्यांसाठी तिजोरीत पैसा नव्हता, म्हणून नोटा छापल्या गेल्या. १९८६ मध्ये महागाईचा अधिकृत दर ७७४ टक्क्यांवर गेला. ज्याने बचत रोखीत ठेवली होती, तो धुऊन निघाला.

भाव मोकळे करणे आणि पैशाचा पुरवठा आवरणे ही जोडगोळी आहे. एक केले आणि दुसरे टाळले, तर सुधारणेलाच लोक शिव्या देतात. १९८५ ने व्हिएतनामला हा धडा फार महागात शिकवला. चार वर्षांनी तो कामी आला.

म्हाताऱ्या नेत्याचे मतपरिवर्तन

आता त्रुओंग चिन्ह यांच्याकडे परत यावे लागते. १९५६ मध्ये जमीन सुधारणेतल्या भीषण चुकांमुळे त्यांना सरचिटणीसपद सोडावे लागले होते. १९६८ मध्ये त्यांनीच किम न्गॉकचा प्रयोग मोडीत काढला. १९८० च्या दशकात मात्र त्यांनी स्वतःभोवती अभ्यासकांचा गट जमवला आणि दक्षिणेचे दौरे केले. जुलै १९८३ मध्ये हो ची मिन्ह सिटीच्या नेत्यांनी एक काम फार हुशारीने केले. मोठे नेते दालात या थंड हवेच्या ठिकाणी विश्रांतीला आले असताना त्यांनी कारखान्यांचे व्यवस्थापक थेट तिथे नेले. व्यवस्थापकांनी आकडे ठेवले: योजनेप्रमाणे चाललो असतो तर कारखाना बंद होता, नियम मोडले म्हणून चालू आहे, कामगारांना पगार मिळतो आहे. नेत्यांनी मग कारखानेही जाऊन पाहिले.

जुलै १९८६ मध्ये सरचिटणीस ले झुआन वारले आणि सत्तरी पार केलेले त्रुओंग चिन्ह काही महिन्यांसाठी पुन्हा त्या पदावर आले. अधिवेशनासाठी तयार असलेला राजकीय अहवाल त्यांनी बाजूला ठेवून नव्याने लिहायला लावला. डिसेंबर १९८६ च्या अधिवेशनात पक्षाने आपल्याच चुका कबूल केल्या: अवजड उद्योगांचा हट्ट, खासगी उत्पादकांचा घाईने केलेला नायनाट, वस्तुस्थितीकडे पाठ. अधिवेशनानंतर ते पायउतार झाले आणि न्गुयेन व्हान लिन्ह सरचिटणीस झाले.

या घटनाक्रमाला मी बरेच वजन देतो. पक्षाची एकाधिकारशाही तशीच राहिली, बोलण्याचे स्वातंत्र्य आले नाही, आणि ते न येण्याची किंमत लोकांनी नंतर मोजली. पण सुधारणेचा विरोध करणाऱ्यांत ज्याचा शब्द सर्वांत भारी, तोच माणूस पुरावा पाहून बदलला, तेव्हा विरोधाचा कणाच मोडला. परदेशी तज्ज्ञांचा अहवाल हे करू शकला नसता.

१९८८–८९: दोन कळीची पावले

अधिवेशनाने दिशा दिली, पण १९८७ आणि १९८८ मध्येही महागाई तीन आकडी राहिली. डिसेंबर १९८७ मध्ये परदेशी गुंतवणुकीचा कायदा झाला. त्याचे फळ यायला वेळ होता. खरे वळण एप्रिल १९८८ च्या १० क्रमांकाच्या ठरावाने आले. शेतकरी कुटुंब हे उत्पादनाचे मूळ एकक ठरले. जमीन १० ते १५ वर्षांसाठी मिळाली, मक्त्याचा वाटा पाच वर्षे बदलणार नाही असे ठरले आणि ठरलेल्या उत्पादनातलाही निदान ४० टक्के हिस्सा शेतकऱ्याकडे राहील याची हमी मिळाली. म्हशी आणि अवजारे घराघरांत गेली. १९८१ च्या मक्त्यात जे भोक राहिले होते, ते इथे बुजवले गेले. धान्याचे उत्पादन १९८७ मध्ये सुमारे १ कोटी ७५ लाख टन होते, १९८९ मध्ये ते २ कोटी १५ लाख टनांच्या आसपास पोचले.

दुसरे पाऊल मार्च १९८९ चे. जवळपास सगळे भाव मोकळे केले, रेशन उठवले, डॉलरचा अधिकृत दर काळ्या बाजाराच्या जवळ आणून ठेवला. आणि १९८५ ला जे केले नव्हते तेही केले: बँकेतल्या ठेवींवर महिन्याला ९ टक्के, तीन महिन्यांच्या मुदतीला महिन्याला १२ टक्के व्याज जाहीर केले. वर्षाचे नव्हे, महिन्याचे. महागाईपेक्षा जास्त व्याज मिळते म्हटल्यावर सोन्याकडे आणि तांदळाच्या साठ्यांकडे धावणारा पैसा बँकेत येऊ लागला. साठेबाजांनी माल बाहेर काढला, काही महिन्यांत भाव स्थिरावले. १९८९ ची महागाई ३५ टक्क्यांवर उतरली.

हे सगळे मोठ्या परकीय कर्जाशिवाय झाले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची जुनी थकबाकी होती, तिथून कर्ज मिळत नव्हते. संबंध सुरळीत व्हायला १९९३ उजाडले. सोव्हिएत मदत १९८९ पासून आटू लागली आणि १९९१ मध्ये संपली. हातात पैसा नसल्याने सुधारणा पुढे ढकलायला जागाच उरली नव्हती.

मात्र १९८९ चे यश पक्के नव्हते. बँका ठेवीदारांना जास्त व्याज देत आणि सरकारी कारखान्यांना कमी व्याजाने कर्ज देत. मधला तोटा सरकारच्या अंगावर. अनेक ठिकाणी पतपेढ्या अव्वाच्या सव्वा व्याज कबूल करून ठेवी गोळा करत होत्या. १९९० मध्ये त्या पत्त्याच्या बंगल्यासारख्या कोसळल्या आणि गरिबांची बचत बुडाली. कारखान्यांना पतपुरवठा पुन्हा सैल झाला तशी १९९० आणि १९९१ या दोन्ही वर्षी महागाई ६७ टक्क्यांवर गेली. तूट भरायला नोटा छापणे खऱ्या अर्थाने थांबले तेव्हाच, १९९२ मध्ये ती १७ टक्क्यांवर आणि १९९३ मध्ये ५ टक्क्यांच्या आसपास आली. या काळात सरकारी उद्योगांतून सुमारे ८ लाख माणसे बाहेर पडली, कंबोडियातून परतलेल्या सैन्यातूनही लाखो जण सेवामुक्त झाले. एवढी माणसे सामावली गेली याचे श्रेय शेतीला, हातगाडीच्या व्यापाराला आणि घरगुती धंद्यांना जाते. शेतीची सुधारणा आधी झाली नसती, तर ही माणसे कुठे गेली असती, हा विचार मनात येतोच.

नशिबाचा भागही सांगितला पाहिजे. दक्षिण किनाऱ्यापलीकडे बाख हो क्षेत्रातून १९८६ पासून तेल निघू लागले होते. सोव्हिएत मदत गेली, त्याच वेळी तेलाचे डॉलर हाती आले. केवळ धोरणावर सगळे श्रेय टाकणारा अभ्यास अपुरा आहे.

दुसरी लाट

भात आणि स्थिर चलन यांनी देश उभा राहिला. पण दीर्घ मुदतीची वाढ त्यावर चालत नाही. शेतकऱ्याने एकदा मनापासून काम करायला सुरुवात केली की ती उडी एकदाच मिळते. पुढे भांडवल, कारखाने आणि बाजारपेठा लागतात.

१९९३ च्या जमीन कायद्याने मालकी राज्याचीच ठेवली, पण वापराचा हक्क वार्षिक पिकांसाठी २० आणि बहुवार्षिक पिकांसाठी ५० वर्षांचा केला. तो हक्क बदलता, विकता, भाड्याने देता, वारसाने देता आणि गहाण ठेवता येऊ लागला. मध्य पठारावर कॉफी फोफावली ती याच दशकात. शतक संपेपर्यंत व्हिएतनाम ब्राझीलपाठोपाठ दुसऱ्या क्रमांकाचा कॉफी निर्यातदार झाला होता.

वीज हा दुसरा अडसर होता. उत्तरेत होआ बिन्ह धरणाची वीज होती, दक्षिणेत तुटवडा. वो व्हान किएत आता पंतप्रधान होते. त्यांनी सुमारे १,५०० किलोमीटरची ५०० किलोव्होल्टची उत्तर-दक्षिण वाहिनी दोन वर्षांत उभी करून घेतली. मे १९९४ मध्ये ती सुरू झाली. त्या वेळी तज्ज्ञांनी तिच्यावर बरीच टीका केली होती. दक्षिणेतले कारखाने पुढच्या दशकात ज्या वेगाने वाढले, ते तिच्याशिवाय शक्य नव्हते.

बाहेरची दारेही याच काळात उघडली. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी उठवली, जुलै १९९५ मध्ये राजनैतिक संबंध जुळले आणि त्याच महिन्यात व्हिएतनाम आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेत गेला. अमेरिकेबरोबरचा व्यापार करार डिसेंबर २००१ मध्ये लागू झाला. तोवर व्हिएतनामी मालावर सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास असलेले अमेरिकी आयात शुल्क ३–४ टक्क्यांवर आले आणि तिकडची निर्यात एका वर्षात दुपटीहून जास्त झाली. कपडे, पादत्राणे, कोळंबी. खेड्यातल्या मुली औद्योगिक वसाहतींकडे निघाल्या. जानेवारी २००७ मध्ये देश जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला.

माझ्या दृष्टीने या सगळ्यांत कमी बोलला गेलेला कायदा आहे १ जानेवारी २००० पासून लागू झालेला उद्योग कायदा. त्याआधी कंपनी काढायची म्हणजे प्रांतिक समितीची परवानगी, त्यावर डझनावारी शिक्के आणि प्रत्येक धंद्याचा वेगळा उपपरवाना. नव्या कायद्याने परवानगीऐवजी नोंदणी आणली: कायद्याने मना केले नाही ते करायला मोकळीक. शेकड्याने उपपरवाने रद्द झाले. पहिल्या चार-पाच वर्षांत जेवढ्या खासगी कंपन्या नोंदल्या गेल्या, तेवढ्या आधीच्या अख्ख्या दशकात झाल्या नव्हत्या. यातल्या पुष्कळ आधीपासून नोंदणीविना चालत होत्या. किम न्गॉकच्या मक्त्यासारखेच झाले: काम आधी, कायदा नंतर.

गरिबीरेषेखालच्या लोकांचे प्रमाण १९९३ मध्ये ५८ टक्के होते, २००२ मध्ये ते २९ टक्के झाले. एका दशकात निम्मे. हे आकडे कितीदा वाचले तरी मला भारावून टाकतात.

जिथे गाडी अडली

जमिनीपासून सुरुवात करतो. वापराचा हक्क दिला, मालकी दिली नाही. म्हणून रस्ता, वसाहत किंवा इमारत यायची झाली की स्थानिक अधिकारी जमीन घेणार, भरपाई ठरवणारही तेच. १९९७ मध्ये थाय बिन्ह प्रांतात, जिथे पक्षाची पाळेमुळे जुनी, शेतकरी हजारोंनी रस्त्यावर आले ते अधिकाऱ्यांच्या वसुल्या आणि भ्रष्टाचाराविरुद्ध. सरकारने पुढच्या वर्षी गावपातळीवर हिशेब उघड करण्याचा नियम काढला. जमिनीची तक्रार मात्र आजही तिथल्या जनतेची सर्वांत मोठी तक्रार आहे.

दुसरा अडथळा सरकारी उद्योगसमूह. लहान तोट्यातले कारखाने बंद केले गेले, विकले गेले. मोठ्यांचे मात्र गट बांधले गेले, दक्षिण कोरियाच्या धर्तीवर राष्ट्रीय समूह घडवण्याच्या उमेदीने. जहाजबांधणीतला व्हिनाशिन हा त्यातला लाडका. २००५ मध्ये सरकारने पहिल्यांदाच परदेशात रोखे विकून ७५ कोटी डॉलर उभे केले आणि ते सगळे या कंपनीला दिले. कंपनीने जहाजांबरोबर शेकडो उपकंपन्या थाटल्या, ज्यांचा समुद्राशी संबंध नव्हता. डिसेंबर २०१० मध्ये ६० कोटी डॉलरच्या परदेशी कर्जाचा पहिला हप्ता तिला भरता आला नाही. एकूण देणी ४ अब्ज डॉलरच्या वर होती. कोरियात सरकारने कर्ज दिले, पण निर्यातीचा हिशेब मागितला. इथे कर्ज मिळाले, हिशेब कुणी मागितला नाही. शेतकऱ्याला १९८८ मध्ये जी शिस्त लागू झाली, पिकवशील तेवढे तुझे आणि बुडशील तेही तुझे, ती या समूहांना कधीच लागली नाही.

२००७ मध्ये बँकांचा पतपुरवठा एका वर्षात ५० टक्क्यांहून जास्त वाढला होता. तो बराचसा अशा समूहांत आणि जमिनीच्या सट्ट्यात गेला. २००८ मध्ये महागाई पुन्हा २० टक्क्यांपलीकडे गेली. बुडीत कर्जे गोळा करण्यासाठी २०१३ मध्ये खास कंपनी काढावी लागली.

तिसरी अडचण यशातूनच जन्मली. २००८ नंतर सॅमसंगने हनोईजवळ बाक निन्हमध्ये मोबाइलचा कारखाना उभारला आणि इलेक्ट्रॉनिक्स हा देशाचा सर्वांत मोठा निर्यात उद्योग झाला. आज निर्यातीचा ७० टक्क्यांहून जास्त हिस्सा परदेशी मालकीच्या कंपन्यांचा आहे. त्यांना सवलतीची जमीन, करमाफी, तयार वसाहत मिळते. सुटे भाग बहुतांशी बाहेरून येतात, देशी कंपन्यांच्या वाट्याला पॅकिंग, स्वच्छता, कॅन्टीन अशी कामे जास्त. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने व्हिएतनामी मालावर ४६ टक्के शुल्क जाहीर केले आणि वाटाघाटींनंतर ते २० टक्क्यांवर आणले. दुसऱ्या देशाचा माल वळवून पाठवला तर ४० टक्के. देशी पुरवठादार कमी असण्याची किंमत किती असू शकते, हे त्या ४० टक्क्यांत लिहिलेले आहे.

आताचा टप्पा

मे २०२५ मध्ये पक्षाने खासगी क्षेत्राला अर्थव्यवस्थेची सर्वांत महत्त्वाची प्रेरक शक्ती म्हणणारा ठराव केला. त्याचाही क्रमांक ६८. जुलैमध्ये ६३ प्रांतांचे ३४ झाले. छोट्या घरगुती धंद्यांवरचा ठोक कर २०२६ पासून बंद करायचे ठरले. असे धंदे सुमारे ५० लाख आहेत. त्यांनी हिशेब ठेवावा, ई-पावत्या द्याव्या, मग कंपनी व्हावे आणि बँकेकडून कर्ज घेऊन मोठे व्हावे, असा विचार आहे.

विचार योग्य आहे, पण मला त्याची रीत खटकते. १९८८ ची सुधारणा शेतकऱ्याने मागितलेली आणि गावांनी करून पाहिलेली होती. इथे नियम वरून आला. जून २०२५ मध्ये वर्षाला एक अब्ज डोंगवर विक्री असलेल्या दुकानांना गल्ल्याशी जोडलेली ई-पावती सक्तीची झाली, तेव्हा हनोई आणि हो ची मिन्ह सिटीच्या बाजारांत बऱ्याच दुकानांनी शटर ओढली. कित्येकांकडे मालाच्या खरेदीच्या पावत्याच नव्हत्या, कारण त्यांना माल देणाराही पावतीविना धंदा करत होता. नोंदणी केली तर कर आणि तपासणी नक्की, कर्ज मिळेलच असे नाही. कारण बँक तारण म्हणून जमिनीचा हक्कच मागते आणि शहरातल्या भाड्याच्या दुकानदाराकडे तो नसतो.

दोन-तीन प्रांतांना ही गाठ आपापल्या पद्धतीने सोडवायची मुभा द्यावी: एखाद्याने पावत्यांच्या आधारावर तारणाशिवाय कर्ज देऊन पाहावे, दुसऱ्याने बाक निन्हच्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्या देशी कंपन्यांना परदेशी कंपन्यांइतकीच सवलतीची जमीन देऊन पाहावी, आणि तीन वर्षांनी कुठे धंदे मोठे झाले ते मोजूनच हनोईने देशभराचा कायदा लिहावा.